यकृताची साखर आणि गाठीचा हस्तक्षेप: रक्तातले ग्लुकोज सांभाळणाऱ्या विकरांविषयी

जीवरसायन (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर, साखर बंद केली की कर्करोगाची गाठ उपाशी मरते का, यावर बरीच चर्चा झाली. गूळ, मध, फळे, भात या सगळ्यांचा हिशेब मांडला गेला. यकृताचे नाव मात्र दोन-तीन जणांनीच, तेही ओझरते घेतले. ३१ वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवल्यामुळे मला ही उणीव फार जाणवली, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. गाठ आणि रक्तातली साखर यांचे जे काही नाते आहे, ते बहुतांशी यकृतातल्या मोजक्या विकरांमधून, म्हणजे एन्झाइममधून, जाते असे माझे म्हणणे आहे, आणि ते नीट उलगडले तर रुग्णाच्या घरच्यांचे बरेच गैरसमज दूर होतील.

प्रथम आकडे पाहू. प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात कोणत्याही क्षणी साडेचार-पाच ग्रॅमच ग्लुकोज असते. चहाचा एक चमचा साखर म्हणा. उपाशीपोटी शांत पडून असलेले शरीरही दर मिनिटाला, दर किलो वजनामागे, सुमारे २ मिलिग्रॅम ग्लुकोज वापरते. ६० किलोच्या माणसाला तासाला ७ ग्रॅमहून थोडे अधिक लागते, म्हणजे रक्तातली साखर पाऊण तासही पुरणार नाही. तरीही रात्री आठला जेवून सकाळी सातला उठणाऱ्या माणसाची साखर ८०-९० भरते, याचे कारण यकृत रात्रभर मोजून मापून साखर सोडत असते: आधी ग्लायकोजेनमधून, म्हणजे साखरेच्या साठवणीच्या रूपातून, आणि तो साठा, जो पोटभर जेवणानंतरही १०० ग्रॅमच्या आसपासच असतो, उतरू लागला की लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल), स्नायूंतून येणारे ॲलानिन आणि चरबीतून येणारे ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोज घडवून.

या दोन्ही वाटा एकाच दारातून बाहेर पडतात. पेशीच्या आत ग्लुकोजला फॉस्फेट जोडलेले असते, आणि ते जोडलेले असेपर्यंत ग्लुकोज पेशीबाहेर जाऊ शकत नाही. फॉस्फेट सोडवणारे विकर म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फटेज. स्नायूंमध्ये ते जवळजवळ नाहीच, म्हणून स्नायूंतला ग्लायकोजेन स्नायूंच्याच कामी येतो. यकृतात ते भरपूर आहे, म्हणून यकृत साऱ्या शरीराचे कोठार होऊ शकते. आत येण्याच्या दारावर दुसरे विकर बसलेले असते, ग्लुकोकायनेज. त्याला निम्मा वेग गाठायलाही रक्तातली साखर १४० च्या आसपास जावी लागते. मेंदू आणि स्नायू यांच्याकडे याच कामाची जी भावंडे आहेत, ती हेक्झोकायनेज, ती त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी साखरेवर अर्धा वेग गाठतात. त्यामुळे सर्वांची पाने वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या घरातल्या माणसासारखे यकृत वागते: जेवणानंतर साखर वर गेली तरच ते उचलते, एरवी इतरांसाठी सोडते.

आता गाठ यकृताच्याच पेशीतून उगवली तर काय होते ते पाहू. १९५५ मध्ये जॉर्ज वेबर आणि कँतेरो या संशोधकांनी उंदरांच्या यकृतातील गाठींमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फटेज कमालीचे घटल्याचे दाखवले. पुढे हॅरॉल्ड मॉरिस यांनी तयार केलेल्या, वेगवेगळ्या गतीने वाढणाऱ्या गाठींवर वेबर आणि सिडनी वाइनहाउस यांनी वर्षानुवर्षे मोजमापे केली. त्यांतून दिसलेली संगती मला आजही थक्क करते. सावकाश वाढणाऱ्या गाठीत यकृताची विकरे बऱ्यापैकी टिकून असतात. गाठ जितकी वेगाने वाढणारी, तितकी नवे ग्लुकोज घडवणारी आणि बाहेर सोडणारी विकरे कमी. त्याच वेळी ग्लुकोकायनेजची जागा हेक्झोकायनेज-२ घेते. म्हणजे शेवटी जेवणारा घरातला माणूस एकाएकी सर्वांत आधी, आणि साखर कितीही कमी असली तरी, ताट ओढू लागतो.

साखर जाळण्याच्या वाटेवरचे पायरुव्हेट कायनेज हे विकरही बदलते. यकृतातल्या त्याच्या रूपाला ग्लुकॅगॉन हे उपाशीपणाचे संप्रेरक थांबवू शकते. रक्तात साखर कमी आहे, तेव्हा जाळणे थांबव आणि घडवायला लाग, असा तो निरोप असतो. गाठीत त्या जागी जे एम-२ नावाचे रूप येते, त्याला ग्लुकॅगॉनचा हा लगाम लागत नाही. अशा पेशी यकृतात राहूनही यकृताच्या कामातून सुटलेल्या असतात.

गाठ यकृताबाहेर असली तरी ती यकृतातली विकरे बदलवते, आणि ती कथा वेगळी व अधिक गुंतागुंतीची आहे. प्रश्न येतील तसे तिच्याविषयी लिहितो.

मोगरा_पुणे

लेख दोनदा वाचला. एक प्राथमिक शंका आहे. माझ्या सासऱ्यांच्या तपासणीत 'लिव्हर एन्झाइम्स वाढली आहेत' असे लिहून आले, म्हणजे एसजीपीटी आणि एसजीओटी. तुम्ही म्हणता ती विकरे हीच का? तुम्ही तर कमी होण्याविषयी लिहिले आहे.

जीवरसायन

मोगराताई, शंका अगदी योग्य आहे. रक्तात मोजली जातात ती विकरे यकृताच्या पेशींना इजा झाल्यामुळे बाहेर सांडलेली असतात. कोठाराची भिंत फुटली तर धान्य रस्त्यावर दिसते, तशी ती खूण आहे; कोठारात काम कसे चालले आहे ते तीवरून कळत नाही. मी ज्यांविषयी लिहिले ती पेशीच्या आत कामावर असलेली विकरे आहेत, आणि ती मोजायची तर यकृताचा तुकडाच काढावा लागतो.

तरीही एक दुवा आहे. एसजीपीटी हे विकर पेशीच्या आत ॲलानिनचे पायरुव्हेट करते, आणि स्नायूंकडून आलेल्या ॲलानिनपासून ग्लुकोज घडवण्याची ती पहिलीच पायरी आहे. म्हणजे अहवालातले हे ओळखीचे नावही मूळचे साखरेच्या कारखान्यातलेच आहे. सासऱ्यांच्या अहवालातील वाढीचे कारण मात्र त्यांच्या डॉक्टरांनीच शोधायला हवे. तिची कारणे अनेक असतात आणि बहुतेकांचा गाठीशी काही संबंध नसतो.

सावली

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहावेसे वाटले, कारण वडिलांच्या आजारात आमच्या घरी जे घडले त्याचा अर्थ मला पहिल्या लेखातून थोडासा लागतो आहे.

वडील मिरज तालुक्यातले शेतकरी. जुन्या काविळीमुळे, म्हणजे हिपॅटायटिस बीमुळे, यकृत खराब झालेले होते आणि नंतर त्यात मोठी गाठ निघाली. ते जेवत होते, मळ्यातही जात होते. एके दिवशी पहाटे चारला आईने हाक मारली. बाबांचा सदरा घामाने चिंब भिजलेला, बोलणे अडखळणारे, आणि आईला ते ओळखत नव्हते. आम्हांला वाटले, अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात साखर तपासली तर ३८. शिरेतून साखरेचे पाणी गेल्यावर पाच मिनिटांत ते उठून बसले आणि गोठ्यातल्या म्हशीची चौकशी करू लागले. दोन तासांनी साखर पुन्हा ४५.

आई मधुमेही आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी ठामपणे सांगितले की वडिलांनी चुकून आईच्या गोळ्या घेतल्या असणार. आईला ते फार लागले. गोळ्यांचा डबा आपणच नीट ठेवला नसेल, असे ती कितीतरी दिवस स्वतःला बोलत राहिली. पुढे दुसऱ्या ठिकाणी साखर कमी असतानाच रक्त घेऊन तपासले, तेव्हा इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर इन्शुलिन बनवते तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) दोन्ही जवळजवळ शून्य निघाले आणि गोळ्यांची शक्यता तिथल्या तिथे फेटाळली गेली. गाठीमुळे असे होते, एवढेच आम्हांला सांगण्यात आले. गाठ साखर खाते म्हणून, असे मी इतकी वर्षे समजत होते. ते खरे का?

कोयनाकाठ

सावलीताई, तुमच्या आईंच्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून आधी हे सांगतो: मधुमेहाच्या ज्या गोळ्यांनी साखर इतकी खाली जाते, त्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. गोळी घेतलेली असती तर इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही वाढलेले दिसले असते. ते शून्याजवळ होते, याचा अर्थ गोळीचा काहीही दोष नव्हता. मी फिजिशियन आहे, आणि असे दोन रुग्ण माझ्या स्वतःच्या पाहण्यात आले आहेत.

गाठ साखर खाते, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. यकृताच्या कर्करोगात साखर कोसळण्याचे दोन प्रकार हाँगकाँगच्या मॅकफॅडझीन आणि यंग यांनी १९६९ मध्ये वेगळे करून दाखवले. एका प्रकारात गाठ वेगाने पसरलेली असते, रुग्ण खंगलेला असतो, निरोगी यकृत फारसे उरलेले नसते, आणि साखर अखेरच्या आठवड्यांत घसरते. दुसऱ्या प्रकारात गाठ तुलनेने सावकाश वाढते, रुग्ण हिंडता-फिरता असतो, आणि तरीही साखर महिनोन् महिने वारंवार कोसळते. मळ्यात जाणारे तुमचे वडील या दुसऱ्या वर्णनात बसतात.

या दुसऱ्या प्रकारात गाठ बहुधा आयजीएफ-२ नावाचा इन्शुलिनसारखा पदार्थ बनवते, तोही अर्धवट घडलेल्या, आकाराने मोठ्या रूपात. हे रूप रक्तातल्या वाहक प्रथिनांमध्ये नेहमीसारखे बांधले जात नाही, ऊतींपर्यंत मोकळेपणी पोहोचते आणि इन्शुलिनच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवर इन्शुलिन जिथे बसते त्या जागेवर, जाऊन बसते. शरीराला वाटते की भरपूर इन्शुलिन आले आहे. स्वादुपिंड आपले इन्शुलिन बंद करते, स्नायू साखर ओढू लागतात, चरबीचे विघटन थांबते म्हणून कीटोन हे चरबीपासूनचे पर्यायी इंधनही तयार होत नाही. आणि सर्वांत घातक गोष्ट ही, की गाठीबाहेर उरलेले चांगले यकृतसुद्धा ग्लायकोजेन फोडणे आणि नवे ग्लुकोज घडवणे थांबवते. त्याच्याकडे विकरे असतात, कच्चा मालही असतो. त्याला कामाला न लागण्याचा खोटा हुकूम मिळालेला असतो. हीच गोष्ट यकृताशी संबंध नसलेल्या, छातीतल्या आवरणावर वाढणाऱ्या मोठ्या तंतुमय गाठीतही घडते. डोगे आणि पॉटर यांनी १९३० मध्ये स्वतंत्रपणे अशा रुग्णांची नोंद केली, म्हणून त्या विकाराला त्यांचे नाव आहे. तिथे गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली की साखर सावरते.

दोन तासांत साखर पुन्हा का उतरली, त्याचे गणितही मांडता येते. २५ टक्क्यांच्या द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असते. यकृताने काहीच दिले नाही, तर ६० किलोच्या माणसाला नुसत्या पडून राहण्यासाठी ते साडेतीन तास पुरेल. स्नायूही खोट्या इन्शुलिनमुळे जास्त ओढत असतील, तर दोनच तास. अशा रुग्णाला एकदा सुई देऊन घरी पाठवणे धोक्याचे असते. १० टक्क्यांची सलाईन सतत चालू ठेवावी लागते आणि दर तासाला साखर पाहावी लागते.

जीवरसायन

डॉक्टरांनी फार नेमके लिहिले. एक जोड देतो. यकृत नसेल तर काय होते, हे मेयो क्लिनिकमधील फ्रँक मान आणि मॅगथ यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी कुत्र्यांचे यकृत पूर्ण काढून पाहिले होते. काही तासांत साखर उतरत जाऊन कुत्रा निपचित पडे, आणि ग्लुकोज टोचल्यावर थोड्याच वेळात उठून उभा राही. सावलीताईंनी पहाटेचे जे दृश्य सांगितले ते याहून वेगळे नाही. यकृत जागेवर होते, पण साखरेच्या बाबतीत ते नसल्यासारखेच झाले होते.

अणुरेणू

मी पेट स्कॅनच्या विभागात काम करतो. धाग्यात आलेली दोन विकरे आमच्या पडद्यावर रोज दिसतात, म्हणून लिहितो.

स्कॅनसाठी आम्ही एफडीजी टोचतो. तो ग्लुकोजचाच किरणोत्सारी फ्लोरिन लावलेला भाऊ आहे. हेक्झोकायनेज त्याला ग्लुकोज समजून फॉस्फेट लावते, पण पुढच्या पायरीवर तो अडकतो, म्हणून ज्या पेशीत हेक्झोकायनेज जास्त, तिथे तो साचतो आणि चमकतो. रुग्णाला सहा तास उपाशी ठेवतो, साखर मोजतो, आणि टोचल्यावर तासभर मंद प्रकाशाच्या खोलीत न बोलता पडून राहायला सांगतो, कारण बोलत राहिले तर स्वरयंत्राचे स्नायूही चमकतात. फ्लोरिनचे अर्धे आयुष्य सुमारे ११० मिनिटांचे आहे, त्यामुळे सगळे घड्याळ लावून करावे लागते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली असा किरणोत्सारी फ्लोरिन बनवणारे देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले, तेव्हापासून हे आपल्याकडे शक्य झाले.

यकृताच्या गाठींमध्ये मात्र हे स्कॅन फसवते. यकृताची पेशी एफडीजीला फॉस्फेट लावते आणि ग्लुकोज-६-फॉस्फटेज तो सोडवून एफडीजीला पुन्हा बाहेर घालवते. गाठ यकृताच्या पेशीसारखीच राहिलेली असेल, तर तिच्यातही हेच होते आणि ती आजूबाजूच्या यकृतात मिसळून जाते; यकृताच्या प्राथमिक कर्करोगाच्या एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत गाठी अशा निसटू शकतात. जी ठळक दिसते तिच्यात फॉस्फटेज गेलेले आणि हेक्झोकायनेज-२ आलेले असते, आणि तीच बहुधा अधिक आक्रमक असते. 'गाठ आहे, मग पेट स्कॅनमध्ये का दिसली नाही, मशीन खराब आहे का,' असे नातेवाईक विचारतात. मला दर वेळी त्यांना हे सगळे समजावून सांगावेसे वाटते, पण बाहेर पुढचा रुग्ण टोचून तयार असतो. आता हा धागा दाखवता येईल.

ध्रुवतारा

मागच्या धाग्यावर साखर बंद करण्याची बाजू मीच मांडली होती. हे सर्व वाचल्यावरही माझा मूळ प्रश्न उरतो. गाठ जर इतक्या हावरेपणाने साखर उचलते, आणि पेट स्कॅन तेच दाखवते, तर पोळी, भात, साखर पूर्ण बंद करून तिची कोंडी का करू नये? माझ्या भावाला फुप्फुसाचा कर्करोग आहे. तीन महिन्यांपासून तो पिष्टमय काहीही खात नाही. गाठ वाढायची थांबलेली नाही, वजन ११ किलोंनी उतरले आहे, आणि साखर आहे तेवढीच आहे. हे कसे?

जीवरसायन

ध्रुवतारा, प्रश्न मनापासून विचारला आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो.

१९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी हे प्रागमध्ये जन्मलेले दांपत्य अमेरिकेत बफेलोच्या कर्करोग संस्थेत काम करत होते. त्यांनी एका पंखावर सार्कोमाची गाठ असलेली कोंबडी घेतली आणि दोन्ही पंखांच्या शिरांमधले रक्त तपासले. गाठीकडून येणाऱ्या रक्तात, निरोगी पंखाच्या तुलनेत, दर १०० मिलिलिटरला २३ मिलिग्रॅम ग्लुकोज कमी आणि १६ मिलिग्रॅम लॅक्टिक आम्ल जास्त होते. गाठीच्या पेशी ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करतात हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी काचपात्रात पाहिले होते; तेच जिवंत प्राण्यात घडताना कोरींनी दाखवले. आता हे लॅक्टिक आम्ल जाते कुठे, हा प्रश्न उरतोच. कोरींनीच १९२९ मध्ये स्नायूंबाबत उत्तर दिले: यकृतात, आणि तिथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. यालाच आपण कोरी चक्र म्हणतो. १९४७ चे नोबेल त्यांना मिळाले. आणि १९५२ मध्ये गर्टी कोरींनी दाखवले की व्हॉन गिर्के नावाच्या जन्मजात विकारात मुलांच्या यकृतात ग्लुकोज-६-फॉस्फटेज नसते, म्हणून थोड्याशा उपवासातही त्यांची साखर कोसळते. आपण इथे ज्या दाराविषयी बोलत आहोत त्याचे महत्त्व माणसात सिद्ध झाले ते असे. वर्गात मी हा भाग नेहमी सावकाश शिकवत असे.

आता तुमच्या भावाकडे येऊ. गाठ एका ग्लुकोजचे दोन लॅक्टेट करते, त्यात तिला ऊर्जेची दोन नाणी मिळतात. ते लॅक्टेट यकृत उचलते आणि पुन्हा ग्लुकोज घडवताना सहा नाणी खर्च करते. प्रत्येक फेऱ्यात शरीर चार नाण्यांनी गरीब होते, आणि तयार झालेले ग्लुकोज पुन्हा गाठीला उपलब्ध असते. ताटातले पिष्ट बंद केले तर यकृत थांबत नाही. ते स्नायूंचे ॲलानिन आणि चरबीचे ग्लिसरॉल घेऊन तेच काम करते. साखर आहे तेवढीच राहिली आणि वजन उतरले, या दोन्हींचा अर्थ हाच आहे. त्या ११ किलोंमध्ये त्याचे स्नायूही असणार. आहार कर्करोगतज्ज्ञांना आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा, पण विचारायला उशीर करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पेशीवेध

मी संशोधन-विद्यार्थिनी आहे. फुप्फुसाचा उल्लेख झाला म्हणून एक महत्त्वाचा अभ्यास सांगते. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे सेल्मा मास्री आणि पाओलो सासोने-कोर्सी यांच्या गटाने फुप्फुसात गाठ असलेल्या उंदरांचे यकृत दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तपासले. यकृतात एकही कर्कपेशी नव्हती. तरीही साखर आणि चरबी हाताळणाऱ्या जनुकांची दिनचर्या पार विस्कटली होती. यकृताचे मूळ घड्याळ चालू होते, पण त्या घड्याळावर चालणारी कामे वेळा चुकवत होती. गाठीमुळे होणाऱ्या दाहाचे निरोप यकृतात एसटीएटी-३ आणि त्यामागून सॉक्स-३ ही प्रथिने जागी करतात, आणि सॉक्स-३ इन्शुलिनचा हुकूम मध्येच अडवते. परिणामी 'आता पुरे' हा इन्शुलिनचा निरोप यकृताला ऐकू येत नाही आणि साखर घडवणे चालू राहते. त्याच गटाच्या २०२१ मधील कामात ग्लुकॅगॉनचा धागाही जोडला गेला: ते रेव्ह-अर्ब-अल्फा या लगाम घालणाऱ्या प्रथिनाचे आयुष्य कमी करते, आणि लगाम सुटला की नवे ग्लुकोज घडवणारी विकरे वाढतात.

म्हणजे कोयनाकाठ सरांनी सांगितलेल्या रुग्णात यकृताला खोटे इन्शुलिन ऐकू येते, आणि इथे खरे इन्शुलिनही ऐकू येत नाही. गाठ एकाच अवयवाला दोन उलट दिशांनी ढकलू शकते.

यकृताची ही विकरे रोखून खंगणे थांबवता येईल का, हेही तपासले गेले आहे. १९६८ मध्ये जोसेफ गोल्ड यांनी हीच कल्पना मांडली आणि नवे ग्लुकोज घडवणारे एक विकर रोखण्यासाठी हायड्राझिन सल्फेट सुचवले. कल्पना तर्कशुद्ध होती. पण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांमध्ये रुग्णांना फायदा झाला नाही. आंतरजालावर ते आजही विकले जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवे ग्लुकोज घडवणाऱ्या वाटेवरचे एफबीपी-१ हे विकर मूत्रपिंडाच्या नेहमी आढळणाऱ्या कर्करोगात तपासलेल्या ६०० हून अधिक गाठींमध्ये घटलेले आढळले. हे काम २०१४ चे, फिलाडेल्फियाच्या सेलेस्ट सायमन यांच्या गटाचे. यकृताच्या कर्करोगातही ते दडपले जाते. या विकराला साखरेपलीकडचेही काम आहे: ते पेशीच्या केंद्रकात जाऊन वाढीला चालना देणाऱ्या एका प्रथिनाला आवरते. त्यामुळे ते जाणे हा गाठ वाढल्याचा नुसता परिणाम नसून वाढीचे एक कारणही असू शकते.

कोयनाकाठ

पेशीवेध यांचा प्रतिसाद उत्तम आहे. व्यवहारातली एक सूचना जोडतो. उपचार चालू असताना साखर वाढली तर आधी औषधांची यादी पाहावी. केमोथेरपीसोबत उलट्या थांबवण्यासाठी डेक्सामेथासोन दिले जाते. ते यकृतात नवे ग्लुकोज घडवणारी विकरे वाढवते आणि इन्शुलिनचा प्रभाव कमी करते. सुई दिलेल्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस साखर २५०-३०० जाऊन मग आपोआप उतरते, असे मी वारंवार पाहतो. आजार बळावला म्हणून घरचे घाबरतात, पण त्या वाढीचे कारण औषध असते.

उलट, यकृताचा आजार असलेल्या जुन्या मधुमेह्याची साखर एकाएकी सुधारली, गोळ्या कमी कराव्या लागल्या आणि वजनही उतरत असेल, तर मधुमेह बरा झाला म्हणून पेढे वाटण्याआधी यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

ध्रुवतारा

सर्वांचे आभार. भावाला उद्याच घेऊन जातो आहे. आज रात्री त्याने वरणभात खाल्ला.

सावली

आईला कोयनाकाठ सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पुन्हा वाच."

शेवटची शंका. वडिलांच्या साखरेच्या नोंदी मी एका वहीत ठेवत असे. झोपताना साखर घातलेले दूध दिले, तरी पहाटे तीनला यंत्रावर ५२, ४९, ५५ असेच आकडे. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले आणि झोपताना कॉर्नफ्लोअर द्यायला सांगितले. मी आठवडाभर त्याची दुधात खीर करून देत होते, फरक किंचितच पडला. नंतर एका परिचारिकेने ते शिजवू नका असे सांगितले. त्या रात्रीनंतर तीनचा आकडा ८१ आणि ८८ येऊ लागला. त्यापुढचे चार महिने ते घरीच राहिले. न शिजवल्याने एवढा फरक का पडतो?

जीवरसायन

सावलीताई, साखर घातलेले दूध तासा-दोन तासांत पचून संपते, आणि तुमच्या वडिलांच्या यकृतातून त्यापुढे काहीच येत नव्हते. कच्च्या कॉर्नफ्लोअरचे कण घट्ट बांधणीचे असतात; आतड्यातली विकरे ते बाहेरून थोडे थोडे कुरतडतात, त्यामुळे ग्लुकोज चार-सहा तास संथपणे रक्तात येत राहते. व्हॉन गिर्के विकार असलेल्या मुलांसाठी ही युक्ती १९८४ पासून वापरली जाते. शिजवले की कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची बांधणी मोडते, आणि ते भाताच्या पेजेइतके झटपट पचतात. म्हणून ते थंड पाण्यात किंवा थंड दुधात नुसते कालवून, तळाशी बसण्याआधी प्यायचे असते.